जनूमास्टरचे एक्के

जनूमास्टरने कापलेली जीन्स घालून माणूस दाणकन खाली बसला, तर शिवण टिकायची आणि खुर्ची मोडायची. ही गोष्ट मी आजवर निदान दोनशे जणांना सांगितली असेल. एकानेही अजून खुर्ची दाखव म्हटलेलं नाही, त्यामुळे ती खरी धरायला हरकत नाही.

मास्टर मूळचा बदलापूरपलीकडच्या चामटोलीचा. घरची भातशेती भावाकडे सोडून वयाच्या अठराव्या वर्षी उल्हासनगरात आला आणि कॅम्प पाचमधल्या लछूशेठच्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून म्हातारा झाला. कटिंग मास्टर म्हणजे काय, ते सांगतो. कापडाचे पन्नास थर एकावर एक पसरायचे, सगळ्यात वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि उभ्या पात्याचं विजेचं मशीन हाताने ढकलत पन्नासही थर एका दमात कापायचे. पातं रेघेवरून गेलं तर पन्नास पँटी. रेघ चुकली तर पन्नास पायपुसणी. आणि हात चुकला तर बोटं. म्हणून मास्टर डाव्या हातात पोलादी कड्यांचा जाळीदार मोजा घालायचा. तो मोजा त्याने कधी कारखान्यात ठेवला नाही. कापडी पिशवीत घालून घरी न्यायचा, लग्नाला न्यायचा, मयताला न्यायचा. त्याच्या बायकोपेक्षा जास्त लग्नं त्या मोज्याने पाहिली असतील.

माझी आणि त्याची ओळख त्या मशीनमुळे. अंबरनाथला बुवापाड्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरची तार काढून नवी गुंडाळायची, हा आमचा धंदा. मास्टर एकदा मशीनची मोटर काखेत मारून आला, काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हिला ताप हाय."

मी मोटर न उघडता सांगितलं की तीन दिवस लागतील.

"उघडून सांग," मास्टर म्हणाला. "माप न घेता कापू नको."

त्याचं सगळं असंच. इतरांना वाटायचं मास्टरचं कसब कापण्यात आहे. मी स्वतः पाहिलंय, कापायला त्याला दहा मिनिटं लागायची आणि कापायच्या आधी अख्खी सकाळ. कापड उलगडून ठेवायचा. "बसू दे त्याला. गुंडाळलेल्या कापडाच्या अंगात ताण असतो," म्हणायचा. मग टेबलाभोवती दोन फेऱ्या, मग चहा, मग थरावर पालथा हात ठेवून उभा. वैद्य नाडी बघतो तसा. लछूशेठ केबिनमधून ओरडायचा, "साईं, शादी का मुहूर्त निकाल रहे हो क्या?" मास्टर मान वर न करता म्हणायचा, "सेठ, लग्न मोडता येतं. कापलेलं कापड जोडता येत नाय."

या माणसाला पोकर शिकवला लछूशेठच्या भाच्याने. भाचा दुबईहून महिनाभर आला होता. मामाच्या कारखान्यात त्याचा वेळ जाईना, म्हणून त्याने दुपारच्या सुटीत मास्टरला पत्ते समजावले. पहिल्या आठवड्यात मास्टर हरला. दुसऱ्या आठवड्यात भाचा हरला. तिसऱ्या आठवड्यात भाचा आजारी पडला, आणि चौथ्यात विमान लवकरचं मिळालं म्हणून निघून गेला. दुबईत तो आता फक्त बुद्धिबळ खेळतो असं मी लोकांना सांगतो.

मग रविवारी दुपारी आमचा डाव बसू लागला, माझ्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर. चार जण. मास्टर, लछूशेठ, मी आणि प्रधानबाई. बाई गणित शिकवून निवृत्त झालेल्या, चिखलोलीला राहायच्या. तिथे स्टेशन होणार म्हणून त्यांनी फ्लॅट घेतला होता, आणि स्टेशन होईपर्यंत वेळ कसा घालवायचा म्हणून त्या पत्ते खेळायला येत. पैसे लावायचे नाहीत, ही मास्टरची अट. त्याऐवजी जीन्सची पितळी बटणं. कारखान्यातून बाद झालेल्या बटणांचा एक बिस्किटांचा डबा मास्टर घेऊन यायचा, प्रत्येकाला पन्नास द्यायचा, आणि जाताना परत गोळा करायचा. बटणं फुकटची असली तरी हरल्यावर पैसे गेल्यासारखंच वाटायचं. लछूशेठ एकदा एका बटणासाठी माझ्याशी आठवडाभर बोलला नव्हता.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधे पाच पानं उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग एक. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याचा मेळ भारी, त्याची बटणं. प्रत्येक टप्प्यावर चाल वाढवायची, नाहीतर पॅक म्हणायचं आणि पानं टाकून द्यायची. मास्टर पॅक केलेली पानं त्या पोलादी मोज्याखाली सरकवायचा आणि कधीच दाखवायचा नाही. मी एकदा मोजा उचलून बघायला गेलो, तर त्याने माझ्या बोटांकडे असं पाहिलं की मला मोजा कशासाठी असतो ते आठवलं.

दहांपैकी आठ वेळा मास्टर पहिल्या दोन पानांवरच पॅक म्हणायचा. आम्ही तिघं तीन पत्तीत वाढलेली माणसं. पानं न बघता अंधारात चाल लावण्यात आमची मर्दानगी. बाईंचीसुद्धा. पॅक म्हणणं म्हणजे नाक कापून घेणं. मास्टरला त्याचं हसू यायचं. "भंगार कापडावर चांगली कटिंग करून काय उपेग? आधी ताका तर बग."

पहिल्याच महिन्यात मला एक्क्यांची जोडी आली. या खेळात सुरुवातीला याहून भारी काही मिळत नाही. मी लबाड माणूस. ठरवलं, गप्प राहायचं, एकेका बटणावर सगळ्यांना आत येऊ द्यायचं आणि शेवटी सगळ्यांना एकदम कापायचं. तिघंही आत आले. मधे एक नव्वी पडली, पुढे एक चौका पडला, आणि शेवटी प्रधानबाईंनी नव्वी आणि चौकाच उलटा केला. दोन जोड्या. माझे एक्के झोपले. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मी टाकणारच होते हो, पण एकाच बटणाचा प्रश्न होता."

मास्टरने त्या दिवशी माझी शाळा घेतली.

"भारी पानं आल्यावर काय केलंस तू?"

"लपवली."

"लपवली नाय. गावजेवण घातलंस. या, बसा, एकेक बटण द्या आन् पोटभर जेवा. आन् आता म्हणतोस भात संपला." त्याने दोन एक्के माझ्यापुढे ठेवले. "ही जोडी एकाशी लढायला वाघ हाय. तिघांशी लढायला मांजर. म्हणून आधीच चाल तिप्पट कर. नव्वी-चौकावाल्याला दारातच वाटलं पायजे, की बाबा, आपलं जेवण घरी झालंय."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मी दारातून परत गेले असते?"

"तुमी तर बाई, पायऱ्याच चढला नसता."

हे पहिलं. दुसरं त्याने सांगून शिकवलं नाही, करून दाखवलं. एकदा मास्टरने सुरुवातीलाच चाल वाढवली. मी आणि बाई पॅक, लछूशेठ एकटा आत. मधे चार पानं बदामाची पडली, म्हणजे सेठकडे एक जरी बदाम असला तरी एकाच रंगाची पाच पानं होऊन तो जिंकणार. सेठने बटणांचा ढीग पुढे सारला. मास्टरने टेबलावर पालथा हात ठेवला, कापडावर ठेवायचा तसा, बराच वेळ. मग पॅक म्हणाला आणि पानं मोज्याखाली. जिन्यात मी त्याच्या मागे लागलो, तेव्हा कुठे कबूल केलं की एक्के होते.

"एक्के टाकलेत तुम्ही?"

"ताका चांगलाच होता," मास्टर म्हणाला. "पण उलगडल्यावर मधे डाग निघाला. आता वरचं कापड चांगलं म्हणून मी डागावरून कापत जाऊ? भारी पानांशी लगीन लावायचं नसतं, सुधाकर. ती सुरुवातीला भारी असतात. शेवटापर्यंत भारी राहतील असं कोणी लिहून दिलंय?"

तिसरं, माणूस वाचणं. सेठकडे चांगली पानं आली की त्याचे कान लाल व्हायचे. बाई चष्मा पुसायच्या. "आन् हा सुधाकर," मास्टर म्हणाला, "हातात काय नसलं की गोष्टी सांगतो. वाघ मारला, इमान उडवलं. आन् गप्प बसला की समजायचं, भारी पानं हायत." मी पुष्कळ नाकारलं. नाकारताना एक गोष्ट सांगितली, तेव्हा तिघं हसले.

"आणि तुमचं काय, मास्टर?" बाईंनी विचारलं.

त्या आठवड्यात आम्ही शोधून काढलं. राजांच्या जोडीवर जिंकताना मास्टरचा उजवा हात थरथरला. बारीकच, पण बटणं एकमेकांवर वाजली. मास्टर कबूल झाला. "आनंद हाय तो. तोंड बंद ठेवलं तर हातातून गळतो." मग ठरूनच गेलं. मास्टरचा हात थरथरला की पळा.

त्यानंतर चारेक महिन्यांनी मी मशीनची मोटर द्यायला कारखान्यात गेलो. कापड पसरून बसलं होतं. मास्टर माझ्याकडे पाठ करून खडूने आखत होता. उजव्या हातात खडू, आणि डाव्या हाताने त्याने उजवं मनगट गच्च धरलं होतं. रेघ तरीही सरळ नव्हती. ती पाण्यात पडलेल्या सावलीसारखी हलत गेली होती. त्याने ती फडक्याने पुसली. पुन्हा आखली. पुन्हा पुसली. टेबलावर पत्ते नव्हते, राजे नव्हते, आनंदाचं काही कारण नव्हतं.

माझी चाहूल लागल्यावर त्याने हात खिशात घातला.

"डॉक्टरला दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या हायत. वाढत जाणार बोलला, हळूहळू." मग मशीनच्या पात्यावरून बोट फिरवत म्हणाला, "सेठला बोलू नको. हात गेला असं कळलं तर तो मला दारावर बसवील, नायतर शिवलेल्या पँटींचे धागे कापायला. मी मास्टर हाय, सुधाकर. दुसरं मला काय येत नाय."

मी आयुष्यात एकही गोष्ट पोटात ठेवलेली नाही. ज्या गोष्टी घडल्या नाहीत त्यासुद्धा मी गावभर सांगितल्या आहेत. पण ही ठेवली. बायकोलाही सांगितली नाही. मला गप्प बघून ती म्हणाली, तुम्हाला ताप आलाय का.

पुढचे रविवार मजेशीर गेले, म्हणजे बघणाऱ्याला. मास्टरचा हात आता प्रत्येक डावात थरथरायचा. आणि हात थरथरला की बाई पॅक, सेठ पॅक, मी पॅक. मास्टरपुढे बटणांचा एवढा ढीग साठायचा की पलीकडून त्याचं फक्त कपाळ दिसायचं. मला आतून समाधान होतं. हे दोघं बिचारे फसताहेत, खरी गोष्ट मला एकट्याला ठाऊक, आणि मी मित्रासाठी पानं टाकतोय. माझ्या मोठेपणाने मला स्वतःलाच भरून यायचं.

एका रविवारी पत्ते पिसायची पाळी माझी होती. टाकलेली पानं गोळा करताना मी सवयीप्रमाणे डोकावलो. ही सवय वाईट आहे, पण हिच्यामुळेच पुष्कळ ज्ञान मिळतं. प्रधानबाईंनी राणीची जोडी टाकली होती, आणि तिसरी राणी मधे उघडी पडलेली होती. तीन राण्या. गणिताच्या बाईने तीन राण्या टाकल्या होत्या. पुढच्या डावात सेठची पानं बघितली. मधे तीन किलवर, त्याच्या हातात दोन किलवर, एकाच रंगाची पाच पानं. तीही पॅक.

मी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. सेठ छताकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की पोटमाळ्यावर आम्ही तिघंही थापा मारत होतो आणि खरा खेळत होता तो फक्त मास्टर.

असे आणखी तीन-चार रविवार गेले. मग शेवटचा.

ऊन पत्र्यावर होतं, पंखा गरम हवा फिरवत होता. मास्टरने पानं बघितली, हात थरथरला, त्याने दहा बटणं पुढे ठेवली. बाई पॅक. सेठ पॅक. मी पॅक. मास्टरने बटणं ओढली नाहीत. त्याने आपली दोन्ही पानं उचलली आणि टेबलाच्या मधोमध उलटी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सत्ती आणि दुर्री. वेगवेगळ्या रंगांची. या खेळात याहून भंगार दोन पानं मिळत नाहीत, हे आम्हाला त्यानेच शिकवलं होतं.

"कवापासून ठावं हाय?" त्याने विचारलं.

सेठ आपली बटणं मोजू लागला. मग प्रधानबाई म्हणाल्या, "मास्टर, संभाव्यतेचा विचार केला तर इतक्या वेळा सलग भारी पानं येणं..."

"बाई, गणित नको."

"दिवाळीपासून," बाई म्हणाल्या.

मास्टरने सेठकडे पाहिलं. "आन् सेठ, तुमी? पन्नास थरांवरून मला आठ थरांवर आणलंत. ऑर्डर बारीक आल्यात बोलला. मोठा माल बाहेर कोणाकडे कापायला जातो?"

लछूशेठ बडबड्या माणूस. पण त्या दिवशी त्याला शब्द शोधावे लागले. "मास्टर, मैं क्या बोलता? पैंतीस साल आपने मेरा एक थान खराब नहीं किया. मैं आपका मुँह देख के चुप बैठ सकता हूँ. वो मशीन को कहाँ पता है आप कौन हो?"

मास्टरने त्या सत्ती-दुर्रीवर बोट टेकवलं.

"मला राग नाय," तो म्हणाला. "पण यवढं शिकवलं ते काय यासाठी? समोरच्याकडे काय नाय हे ठावं असताना पानं टाकायची? मला वाटत होतं मी जिंकतोय. कारखान्यातबी वाटत होतं." मग त्याने पत्ते बाईंकडे सरकवले. "एक डाव. खरा. जो पानं फुकट टाकील त्याला माझी शपथ."

बाईंनी वाटली. मी पानं उचलून बघितली. दोन राजे. मला असली पानं वर्षातून एकदा येतात, आणि तेव्हा नेमका कोणीतरी मेलेला तरी असतो, नाहीतर असं काहीतरी होतं.

मास्टरने चाल तिप्पट केली. हात थरथरत होता, त्यातून काही वाचता येत नव्हतं. बाई पॅक. सेठने आपली पानं उघडी करून दाखवली, "कसम से, कुछ नहीं है, देखो." तिर्री आणि अठ्ठी. मास्टर पहिल्यांदा हसला. मी पुन्हा चाल वाढवली. मास्टर आत राहिला.

मधे तीन पानं पडली. राजा, दश्शी, पंजा. माझे तीन राजे झाले. आता मला हरवणं जवळजवळ अशक्य, आणि समोर मास्टर. माझ्या मनात आलं, काहीतरी बोलावं. एखादी गोष्ट सांगावी, मारलेला वाघ पुन्हा मारावा, म्हणजे तो समजेल की माझ्याकडे काही नाही, आणि... आणि काय? त्याने सगळी बटणं घालवावीत? की मीच पानं टाकावीत आणि शपथ मोडावी? मला वाघ सापडेना.

मास्टरने पंधरा बटणं लावली. मी तेवढीच लावली. चौथं पान पडलं, दुर्री. कोणाच्या उपयोगाची नाही. मी उरलेली सगळी बटणं पुढे सारली.

मास्टरने पालथा हात टेबलावर ठेवला. तो लाकडावर थरथरत होता, पण त्याने तो खिशात घातला नाही, दुसऱ्या हाताने धरलाही नाही. बराच वेळ तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"सुधाकर," तो म्हणाला, "आज गोष्ट नाय सांगितलीस."

मी मान हलवली.

त्याने आपली दोन पानं टेबलावर उघडी ठेवली. मोज्याखाली नाही. दोन एक्के. इस्पिक आणि चौकट.

"पॅक," मास्टर म्हणाला.

मग त्याने तो पोलादी मोजा उचलला. एका हाताने नीट झटकला, कड्या सरळ केल्या, आणि लछूशेठपुढे ठेवला. "उद्या नवा कोण येईल त्याला द्या. डाव्या हातात घालायचा सांगा. सुरवातीला जड वाटतो."

सेठ मोज्याला हात लावीना. "मास्टर, आप आना तो सही. बैठना. देखना कापड."

"येईन. ताका बगायला येईन," मास्टर म्हणाला. "कापणार नाय. धागेबी कापणार नाय."

मी माझे राजे उलटे केले. दाखवायची गरज नव्हती, पण दाखवले. मास्टरने वाकून बघितलं आणि बोटाने एकेक मोजले, दोन हातातले, एक मधला. चेहऱ्यावर त्याच्या इतकं समाधान होतं, जणू ते तीन राजे त्यालाच आले होते. "बगा," बाईंना म्हणाला, "बरोबर कापलं."

डबा त्याने माझ्याकडे ठेवला. रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली आणि जिना उतरला. मी माळ्याच्या खिडकीतून बघत होतो. रस्ता ओलांडून तो बदलापूरकडे जाणाऱ्या रिक्षांच्या कडेला उभा राहिला. इतके महिने त्याचा उजवा हात बाहेर पडताना खिशात असायचा. त्या दिवशी त्याने तो उन्हात सरळ पुढे केला, आणि हात आपला हलत राहिला.

ही गोष्ट सांगताना मी नेहमी सांगतो, की तो हात बघून चार रिक्षा एकदम थांबल्या, पाठीमागे गाड्यांची रांग लागली आणि हवालदार धावत आला. खरं सांगायचं तर एकच थांबली. त्यात मास्टर बसला आणि गेला.